आधी भोंगा की आधी ॲम्प्लिफायर

१

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता ब्रह्मपुरीच्या वैनगंगातीर विज्ञान महाविद्यालयात, पदार्थविज्ञान विभागाच्या मागच्या खोलीत, दोन मृतदेह सापडले. एक ॲम्प्लिफायर होता, दुसरा ट्रान्सड्यूसर. रक्त वगैरे काही नव्हतं; जळक्याचा वास मात्र जिन्यापर्यंत आला होता. मंगळवारी विभागप्रमुखांनी आरोपी ठरवला. बुधवारी प्राचार्यांच्या लक्षात आलं, की आरोपी ठरवण्याआधी चौकशी करायची असते आणि चौकशीला बाहेरचा एक तज्ज्ञ लागतो. नागपूरचे दोन तज्ज्ञ एप्रिलचं ऊन पाहून आजारी पडले. म्हणून गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेचा परिचर लच्छू मोटारसायकल घेऊन गुणवंतराव नाकतोड्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

गुणवंतराव नुकतेच आंघोळ करून दमले होते. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड पुरवला. दिवाळीपासून होळीपर्यंत, आज या गावात तर उद्या त्या गावात, मंडपाच्या कोपऱ्यात ॲम्प्लिफायरजवळ बसून राहायचं. नायिका रडली की आवाज कमी, खलनायक हसला की जास्त. या देशसेवेत दोन्ही कानांचे वरचे सूर गेले, गुडघे गेले, आणि झोप गेली ती परत येताना वाट चुकली.

"भाऊ, चाला. तुम्हाले तज्ज्ञ केलं," लच्छू म्हणाला.

"कोनं?"

"प्राचार्य मॅडमनं. लेटर हाय."

"मले काय करा लागन?"

"सही."

"मंग कागद इथीच आनाचा ना, बाप्पा. मले काऊन नेतं उन्हात?"

आतून शकुबाई म्हणाल्या, "जा ना. घरी बसून करता काय? पंख्याकडं पाहाता. तो बी थकला तुमच्याकडं पाहून."

गुणवंतरावांनी सदरा घातला. आयुष्यात पहिल्यांदा तज्ज्ञ झाले होते आणि त्यांना पुन्हा आडवं व्हावंसं वाटत होतं.

२

विभागाच्या दारावर भलामोठा फ्लेक्स होता. 'कोसा संशोधनाचे यशस्वी प्रात्यक्षिक'. त्यावर शनिवारचा फोटो: स्टीलची एक टाकी, टाकीवर वाकलेले तपासणी समितीचे तीन सदस्य आणि मधोमध हात दाखवून समजावणारे विभागप्रमुख डॉ. रोशन गहाणे. सदस्यांचे चेहरे काही नीट ओळखू येत नव्हते. तिघांच्याही डोळ्यांच्या जागी पांढरे गोल उमटले होते. फोटोवाल्याची चूक असेल, असं वाटून गुणवंतराव आत गेले.

गहाणे सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा वाढवला. मग कागद दिला. टाइप करून तयार होता.

"आपण वाचायची गरज नाही, गुणवंतभाऊ. तांत्रिक आहे."

गुणवंतरावांनी वाचला. कागदाचं म्हणणं असं: संशोधक विद्यार्थिनी संघप्रिया रामटेके हिने रविवारी परवानगी नसताना ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर चालवला. त्या प्रचंड शक्तीने ट्रान्सड्यूसर फुटला आणि पाठोपाठ ॲम्प्लिफायरही जळाला. निष्काळजीपणा सिद्ध. नोंदणी रद्द करावी. खाली एक रेघ होती आणि रेघेखाली 'तज्ज्ञ'.

"नोंदणी रद्द म्हंजे?"

"म्हणजे पीएचडी बंद. तीन वाजता मॅडमपुढे सुनावणी आहे. पोरगी हुशार आहे, मला वाईट वाटतं. पण शिस्त."

"अन् हे ट्रान्सड्यूसर म्हंजे काय असते?"

गहाणे सरांनी थोडक्यात सांगितलं. तसर रेशमाचा कोसा, म्हणजे किड्याचं घर, डिंकानं घट्ट असतं. धागा काढायचा तर बाया तो सोड्याच्या पाण्यात उकळतात. संघप्रियाची कल्पना अशी, की उकळण्याऐवजी कोमट पाण्यात कोसा ठेवायचा आणि टाकीच्या बुडाला चिकटवलेल्या ट्रान्सड्यूसरनं पाणी सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरवायचं. डिंक आपोआप सुटतो.

"चाळीस हजार. म्हंजे आवाज ऐकू येत नसन."

"कोणालाच नाही."

"मंग बरं," गुणवंतराव म्हणाले. "माह्यासारख्या बहिऱ्याले तेवढंच दडपण कमी."

त्यांनी मनात त्या वस्तूचं नाव भोंगा ठेवलं. पाणी हलवतो, म्हणजे भोंगाच. 'भोंगा दाखव,' असं म्हटल्यावर लच्छूनं त्यांना मागच्या खोलीत नेलं. टेबलावर झाकण उघडलेला ॲम्प्लिफायर पडला होता. काळा, दोन हँडलचा, पुढे लाल दिव्यांची रांग. गुणवंतराव तो पाहून थांबले. असे दोन त्यांच्या पडवीत होते. पाच हजार माणसांच्या मंडपात शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची छाती हलवणारं मशीन.

"हे इथी कसं आलं?"

लच्छू दाराकडे पाहून हळू म्हणाला, "भाऊ, सरानं तं तुम्हालेच इचारून घेतलं ना. डिसेंबरात फोन केला नव्हता का तुम्हाले, का सगळ्यात दमदार कोनतं म्हनून?"

गुणवंतराव जवळच्या स्टुलावर बसले. केला होता. नाटक रंगात होतं, एका हातात फोन होता, दुसरा आवाजाच्या बटनावर. आणि त्यांनी 'कशासाठी' हे विचारलं नव्हतं.

३

संघप्रिया खिडकीपाशी उभी होती. सव्वीस-सत्तावीसची, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. गडचिरोलीकडच्या एका शिक्षकाची मुलगी. सोमवारपासून ती रोज येत होती आणि तिला कोणी काही करायला सांगत नव्हतं.

"भाऊ, सही करून द्या. उगीच कशाला त्रास घेता," ती म्हणाली. "माझ्याच हातानं झालं."

चाळीस वर्षांत गुणवंतरावांनी साउंडच्या बिघाडाची जबाबदारी स्वतःहून घेणारं माणूस पाहिलं नव्हतं. ते सावरून बसले.

"कसं झालं ते सांग."

"रविवारी अकराला आले. चावी माझ्याकडे असते, रजिस्टरमध्ये सही केली. टाकीत पाणी होतं. ॲम्प्लिफायर लावला, बटन शून्यावरून हळूहळू फिरवलं. पाव भागसुद्धा फिरलं नव्हतं. चट्‌ झालं, वास आला. लगेच बंद केला. मग पाहिलं तर भोंगा..." ती थांबली. "लच्छूभाऊंनी सांगितलं, तुम्ही भोंगा म्हणता."

"चालते. पुढं?"

"पुढं काय. भोंग्यात तडा. शनिवारी दुपारी तोच भोंगा समितीपुढे चालला होता. मी हात लावला आणि मेला."

"तू होती शनिवारी?"

"सकाळी होते. बारा वाजता सरांनी मला आरमोरीला पाठवलं, आणखी कोसे आणायला. आले तेव्हा प्रात्यक्षिक होऊन गेलं होतं. सर म्हणाले, कोसे असे सुटले की धागा ओढून दाखवला. तेच तर मला कळेना. म्हणून रविवारी आले."

"काय कळेना?"

तिनं वही पुढे केली. शनिवारी सकाळी साडेदहाची नोंद होती: पाण्यावर शहारा नाही. कोशात बदल नाही. ॲम्प्लिफायर पूर्ण, बाहेर नऊ व्होल्ट. खाली चांदीच्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा चिकटवलेला.

"हे काऊन?"

"पाणी नीट थरथरलं तर हा कागद पाच मिनिटांत चाळणी होतो. बघा, एक भोक नाही."

"एवढ्या मोठ्या मशीनचे नऊच व्होल्ट?"

संघप्रिया पहिल्यांदा नीट बोलायला लागली. "भाऊ, तुमच्या स्पीकरला करंट लागतो, भोंग्याला उंची लागते. पाण्याच्या टाकीसारखं समजा. जमिनीवर कितीही मोठं टाकं बांधा, दुसऱ्या मजल्यावर नळ येत नाही. छोटी टाकी चालेल, पण उंचावर पाहिजे. याला तीनशे व्होल्ट पाहिजेत, तेही सेकंदाला चाळीस हजार वेळा. आणि हे मशीन माणसाच्या कानासाठी केलेलं. वीस हजाराच्या वर गेलं की आतला फिल्टर त्याचा गळा दाबतो. मी खरेदीच्या वेळी लिहून दिलं होतं. किती वॅट ते विचारू नका, किती व्होल्ट आणि किती वेगानं ते विचारा."

"मंग?"

"खरेदी समितीत सर म्हणाले, दोन हजार वॅटचा घेऊ. जास्त असलं तर बिघडतं कुठं?"

गुणवंतरावांनी मान खाली घातली. हे वाक्य दर सीझनला एखादा मंडळवाला त्यांना ऐकवायचा आणि ते मान डोलवायचे.

त्यांनी टाकी उलटी केली. भोंगा म्हणजे मुठीएवढं लोखंडी बोंड, मधे दोन पांढऱ्या चकत्या. एका चकतीला आडवा तडा. त्यांनी जुना काट्याचा मीटर मागितला, दोन टोकं लावली. काटा सरळ पलीकडे जाऊन पडला. आतून शॉर्ट.

त्यांनी टोकं पुसून पुन्हा लावली. काटा पुन्हा तिथंच.

"पोरी," ते म्हणाले, "मंडपात पाणी गळून स्पीकर शॉर्ट झाला, का त्याले लावलेला ॲम्प्लिफायर मरते. फ्यूज मात्र जिवंत राह्यते, फ्यूजले वाचवाले मशीन जळते हा नियमच हाय. तुह्या मशीनचा फ्यूज पाहिला का?"

"चांगला आहे."

"मंग ॲम्प्लिफायरनं भोंगा नाई मारला. भोंग्यानं ॲम्प्लिफायर मारला. तू बटन फिरवलं तवा भोंगा मरून पडला होता."

संघप्रियाच्या हातातली वही खाली आली. "पण शनिवारी दुपारी तर चालला. समितीनं पाहिला."

"तेच तं," गुणवंतराव म्हणाले. त्यांना आता खरोखर आडवं व्हायचं होतं.

४

अकरा वाजता संघप्रिया स्कूटीवर गेली आणि बाराला परत आली. मागच्या सीटवर शकुबाई होत्या आणि शकुबाईंच्या मांडीवर पडवीतला ॲम्प्लिफायर. रस्त्यात तीन माणसांनी विचारलं म्हणे, कुठं नाटक आहे.

"मांड्या मोडल्या माह्या," शकुबाई म्हणाल्या. "तज्ज्ञ तुम्ही अन् हमाली माह्यी."

जुळा भाऊ टेबलावर बसला. संघप्रियानं पडद्यावर रेघ काढणारं यंत्र लावलं. माणसाच्या आवाजाच्या पट्टीत ॲम्प्लिफायर नव्वद व्होल्टपर्यंत उसळला. मग ती वेग वाढवत गेली. पंधरा हजार, वीस हजार, तीस. पडद्यावरची लाट बसत बसत गेली, जशी मध्यंतरानंतर मंडपातली माणसं जातात. चाळीस हजारला साडेनऊ व्होल्ट.

"एवढ्यानं चकती फुटन?"

"एवढ्यानं पाण्यावरची माशीसुद्धा उडणार नाही."

म्हणजे कागदावर लिहिलेली 'प्रचंड शक्ती' पृथ्वीवर कुठंच नव्हती. मग भोंगा कशानं फुटला?

गुणवंतराव विचार करायला इमारतीच्या मागे गेले. साठीनंतर विचार करायला माणसाला दर दोन तासांनी मागे जावंच लागतं. तिथं भिंतीला लागून तीन विटा मांडल्या होत्या. आतल्या बाजू काळ्या. मधली जागा झाडून स्वच्छ केलेली, इतकी की बाकी सगळं आवार तिच्यापुढे अस्वच्छ दिसत होतं.

ते परत आले तेव्हा शकुबाई उलट्या टाकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी भोंग्याच्या दोन चकत्यांच्या फटीत नख घातलं आणि नखावर आलेला करडा चुरा बोटांत चोळला.

"तुमच्या कॉलेजात सैपाक शिकवतात का?"

"काऊन?"

"हे तं बुडाले लावलेली राख हाय."

संघप्रियाला कळलं नाही. शकुबाईंनी तिला सांगितलं, जसं तिच्या आजीनं सांगितलं असतं. भांडं चुलीवर ठेवण्याआधी बाया त्याच्या बुडाला ओल्या राखेचा लेप देतात. काजळी भांड्याला न धरता लेपाला धरते, मग घासायला सोपं. ही टाकी घासली आहे, चांगली घासली आहे. पण फटीतलं राहून गेलं.

"ज्या बाईनं हे केलं," शकुबाई म्हणाल्या, "ते टापटिपीची हाय."

गुणवंतरावांनी दाराकडे पाहिलं. लच्छू तिथं उभा होता. त्याच्याकडे दुसरी चावी असायची, हे रजिस्टरातच लिहिलं होतं. तो भिंतीचा रंग काढत होता.

"लच्छू," गुणवंतराव शांतपणे म्हणाले, "गाडी काढ. जिनं बुड लिपलं तिले घेऊन ये. तीनच्या आधी."

लच्छूनं गाडीची किल्ली खिशातून काढली. जिन्यावरून उतरला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"भाऊ," संघप्रिया हळूच म्हणाली, "त्यांनी कोण म्हणून विचारलंसुद्धा नाही."

५

अडीच वाजता लच्छू बायनाबाईंना घेऊन आला. आरमोरीकडच्या, पन्नाशीच्या, कोशाचा धागा काढणाऱ्या. कोसे पुरवणाऱ्या म्हणून संघप्रिया त्यांना दोन वर्षं ओळखत होती.

"मावशी, तुम्ही?"

"हो, पोरी. शनवारी तू आमच्याकडं कोसे न्याले आली, अन् मी इथी. लच्छूभाऊ तुह्या आधी पोचला न्याले." बायनाबाई खाली बसल्या. "सर म्हनले, पावणे येऊन राह्यले, अन् हे मशीन काई पानी हालवत नाई. तुम्ही तुमच्या पद्धतीनं कोसे सोडून द्या. मी म्हनलं गंज द्या, उकळाले मोठं पातेलं. गंज नाई. कँटिन बंद. सर म्हनले, ह्याच भांड्यात करा, पावण्याले हेच भांडं दाखवाचं हाय."

"ग्यासवर नाई ठेवलं?" शकुबाईंनी विचारलं.

"ग्यासवर बसते कुठी ते? बुडाले बोंड हाय ना. म्हनून तीन इटा मांडल्या. बोंड बरोबर मधात बसलं. मले वाटलं, नव्या फ्याशनचं भांडं असन. मी सराले म्हनलं होतं, सर, याले तारा हायेत. सर म्हनले, तारा बाजूले करा."

लच्छू दाराशीच होता. गुणवंतरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"भाऊ, माह्या गोपनीय अहवालावर सराची सही असते," तो म्हणाला. "नोकरीचे पाच वर्ष राह्यले माहे. इटा मीच देल्या आनून."

"संघप्रियाले सांगाचं होतं."

"हिच्याकडं पाहून तं झोप नाई लागली, भाऊ. पन सांगू कसा?"

बायनाबाई एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होत्या. प्रकरण काय आहे ते त्यांना आत्ता समजत होतं. त्यांनी संघप्रियाचा हात धरला. "म्हंजे ते बोंड माह्यानं मेलं का, पोरी?"

तीन वाजायला दहा मिनिटं होती. संघप्रियाला वाचवायचं तर टाकी चुलीवर होती हे सांगावं लागणार होतं. आणि ते सांगितलं की गहाणे सर कोणाकडे बोट दाखवतील, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

"भाऊ, राहू द्या," ती म्हणाली. "करा सही त्यांच्या कागदावर. मावशीचं नाव नको."

६

प्राचार्या डॉ. रंजीता मेंढे यांच्या केबिनमध्ये एसी होता आणि तो बंद होता. मॅडम अकरा वर्षं प्राचार्या होत्या आणि चेहऱ्यावरून ते लगेच कळायचं. टेबलासमोर गहाणे सर, कडेला संघप्रिया, दाराशी लच्छू. गुणवंतरावांबरोबर दोन बाया आत आल्या तेव्हा मॅडमनी 'ह्या कोण' असं विचारलं नाही, दोन खुर्च्या मागवल्या.

"अहवाल?" मॅडम म्हणाल्या.

"लिवला नाई. तोंडी सांगतो, मॅडम. लिवलेलं सरांजवळ हाय, पन ते सरायनंच लिवलं."

गहाणे सर पाण्याचा ग्लास सरळ करू लागले.

"या कागदात मशीन खूप दमदार होतं, त्याच्या दमानं भोंगा फुटला असं हाय. आम्ही आज तसंच दुसरं मशीन लावून पाह्यलं. माणसाच्या आवाजाले नव्वद व्होल्ट देते, पन भोंग्याच्या आवाजाले साडेनऊ. भोंग्याले पाहिजे तीनशे. म्हंजे मशीननं भोंगा फोडणं तं सोडाच, त्याले जागं बी केलं नसन. शनवारी सकाळी या पोरीनं नऊ लिवले, तिची वही हाय. तिचं मोजमाप बरोबर होतं."

"पण शनिवारी दुपारी प्रात्यक्षिक झालं," मॅडम म्हणाल्या. "समितीनं शेरा लिहिलाय."

"झालं ना. विभागाच्या दारावर फोटो हाय. तिन्ही सायबायच्या चष्म्यावर वाफ हाय. मले आधी फोटोवाल्याची चूक वाटली. या पोरीच्या पद्धतीत पाणी कोमट असते. एप्रिलात, बेचाळीस डिग्रीत, कोमट पाण्यानं चष्म्यावर वाफ धरत नाई. पाणी उकळतं होतं. मांगं तीन इटा हायेत, भोंग्याच्या फटीत राख हाय. टाकी चुलीवरून उतरवून टेबलावर ठेवली, तारा लावल्या, मशीनचे लाल दिवे लावले, अन् बटन शून्यावर. दिवे तं दिसते, बटन कोन पाह्यते? भोंगा आगीनं तडकला. फटीत ओली राख अन् सोड्याचं पाणी, म्हंजे आतून शॉर्ट. रविवारी या पोरीनं भल्या मनानं बटन फिरवलं, अन् मेलेल्या भोंग्यानं मशीन ओढून नेलं."

"म्हणजे टाकी ह्या बाईंनी चुलीवर ठेवली," गहाणे सर पटकन म्हणाले. "अज्ञानानं झालं असेल, मी तक्रार करणार नाही. पण महाविद्यालयाची वस्तू बाहेरच्या व्यक्तीनं—"

"सर," गुणवंतराव म्हणाले, "घाई करू नका. दोष द्याची लाइन लावली तं सगळ्यात पुढं मी उभा हावो. डिसेंबरात तुम्ही फोनवर इचारलं, दमदार मशीन कोनतं. मी सांगतलं. कायले पाहिजे, हे नाई इचारलं. माह्या धंद्यात दम म्हंजे छाती हालली पाहिजे. तुमची छाती माह्याच मंडपात हालली होती ना, सर? त्यावरून तुम्ही प्रयोगशाळेचं मशीन घेतलं. मॅडम, अहवालात पहिलं नाव माह्यं लिवा. चुकीचा सल्ला, नाकतोडे गुणवंत. मंग पुढची नावं ज्याची त्यानं सांगाची."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला एकच समजून सांगा," त्या म्हणाल्या. "प्रात्यक्षिक खोटं झालं, ठीक. समिती निघून गेली, शेरा मिळाला. मग ह्या मुलीच्या मागे लागायचं कारण काय? जळालं म्हणून नवीन मागता आलं असतं."

"नवीन मागतलं असतं तं जुनं काऊन जळालं, हे कोनी पाह्यलं असतं. पाह्यलं असतं तं कळलं असतं का हे मशीन भोंग्याले कधी चालवूच शकत नव्हतं. मंग शनवारी काय चाललं? म्हनून ते दमानं जळालेलंच पाहिजे होतं. मशीन इतकं दमदार का पोरीच्या हातात मावलं नाई. तिच्यावर आळ आला तरच मशीनचं कौतुक टिकत होतं. मॅडम, आरोप नव्हता तो. खरेदीचं प्रमाणपत्र होतं."

गहाणे सर म्हणाले, "मी ह्या बाईंना चुलीवर ठेवा असं लेखी कुठं सांगितलंय?"

बायनाबाई उठल्या नाहीत, आवाजही वाढवला नाही. "सर, लेखी मले वाचता बी येत नाई. तोंडीच सांगतलं तुम्ही. मी म्हनलं याले तारा हायेत. आता तुम्ही म्हना का मी नाई म्हनलो. पावण्यायदेखत मले ताई ताई करत होते, त्यायच्यादेखत मीच धागा ओढून दाखवला. फोटोत माहा हात हाय, बाकी मले कापून टाकलं."

मॅडमनी लच्छूला फ्लेक्स काढून आणायला सांगितलं. टेबलावर पसरला. टाकीच्या कडेला, चौकटीच्या अगदी काठावर, हिरव्या बांगड्यांचा एक हात कोसा धरून होता. मनगटाच्या पुढे माणूस नव्हतं.

"डॉक्टर गहाणे," मॅडम म्हणाल्या. एवढंच. आणि सरांनी पहिल्यांदा खाली पाहिलं. मग म्हणाले, "समिती येणार होती, मॅडम. चालत नाही असं कसं सांगणार होतो?"

"चालत नाही असं," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी नोंदणी रद्द करण्याचा प्रस्ताव फाइलमधून काढला, त्यावर आडवी रेघ मारून सही केली आणि तारीख घातली. संघप्रियाचं मार्गदर्शन उद्यापासून दुसरे प्राध्यापक करतील. गहाणे सरांचं प्रकरण व्यवस्थापनाकडे जाईल. तिथं ते किती वर्षं विश्रांती घेईल, हे मॅडमनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. लच्छूचा या वर्षीचा गोपनीय अहवाल मॅडम स्वतः लिहिणार होत्या. त्यानं ते ऐकलं आणि भिंतीला टेकला.

"तुम्ही अहवाल लिहून द्या, नाकतोडे साहेब. सगळा. तुमच्या नावासकट."

"लिवतो, मॅडम. पन बसून."

पाच वाजता व्हरांड्यात सावली आली. संघप्रिया पायरीवर बसली होती, मांडीवर कागदात गुंडाळलेला फुटका भोंगा. दोन दिवसांचं न रडलेलं आता तिचं रडून झालं होतं, तेही कमीच. शकुबाई ॲम्प्लिफायरवर बसल्या होत्या, कारण खुर्ची नव्हती. गुणवंतराव दुसऱ्या पायरीवर भिंतीला टेकून डोळे मिटून होते. झोपले नव्हते, तसा प्रयत्न चालू होता.

बायनाबाई आरमोरीच्या जीपची वाट पाहत होत्या.

"एक इचारू, पोरी? तुही मशीन चालली असती, तं माह्या हाताले काम काय राह्यलं असतं?"

संघप्रियानं ऐकलं. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात 'सामाजिक उपयोग' म्हणून दोन पानं होती. त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"माहीत नाही, मावशी," ती म्हणाली. "धागा ओढायला हात लागेलच. सोड्याच्या पाण्यात घालायला नाही लागणार. त्याच्या पुढचं मला नाही माहीत."

रस्त्यावर जीप आली, भरलेली, तरी थांबली.

"सोमवारी याल का?" संघप्रियानं विचारलं. "नवीन भोंगा लावायला वेळ आहे. पण कोसा किती मऊ झाला म्हणजे धागा सुटतो, ते मला हातानं शिकायचंय. वहीत नाही येत ते."

बायनाबाई जीपच्या पायरीवर चढल्या. एक बाई सरकली, त्यांनी अर्धी जागा घेतली.

"येतो ना," त्या म्हणाल्या. "पन चुलीवर काय ठेवाचं नाई, ते या खेपेले तूच सांग. सरायले इचारू नको."